भेटीचा पैसा व विम्याचा हप्ता

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी 26 नोव्हेंबर 2025 रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात परदेशी राहणाऱ्यांच्या राष्ट्रीय विम्याविषयी एक लहानसे कलम होते. मोठमोठ्या करांच्या गदारोळात त्याकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही. ब्रिटनमध्ये काही वर्षे काढून पुण्यामुंबईस परतलेल्या आणि तेथेच छोटा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या मराठी मंडळींशी मात्र त्याचा निकटचा संबंध आहे. ते समजून घ्यावयाचे, तर घरून येणारी भेट आणि सरकारात भरावयाचा हप्ता यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

आईवडिलांनी मुलास दिलेली रोख रक्कम ब्रिटिश कायदा मुलाचे उत्पन्न मानीत नाही. कराचा प्रश्न उद्भवतो तो देणाऱ्याच्या मृत्यूनंतर. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेला दाता भेट दिल्यापासून 7 वर्षांच्या आत निवर्तला, तर वारसाकराच्या हिशेबात ती रक्कम पुन्हा धरली जाऊ शकते. वर्षाकाठी 3,000 पौंडांपर्यंतची भेट यातून मुक्त आहे. ही मर्यादा 1981 पासून तसूभरही हललेली नाही; महागाईची झळ सरकारी सवलतींस लागत नसावी! पुण्यातच आयुष्य गेलेल्या व येथील पुंजीतून पैसे पाठविणाऱ्या पित्यास या कराचे भय नाही. आपल्याकडेही कॅल्डॉर यांच्या शिफारशीनुसार 1958 साली आलेला दानकर 1998 मध्ये गेला. आज जवळच्या नातेवाइकाची भेट करमुक्त आहे. परक्याकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक रक्कम आली, तर विवाहासारखे प्रसंग वगळता ती उत्पन्नात धरली जाते.

परंतु भेट कशास म्हणावे, हे पाकिटावरील अक्षरांवरून ठरत नाही. लंडनमध्ये तबला शिकविणाऱ्या गृहस्थाने शिकवणीचा मोबदला गुरुदक्षिणा म्हणून स्वीकारला, तरी कायद्याच्या लेखी ती व्यवसायाची प्राप्तीच होय. तिला भेट म्हणून वगळणारा कराची चोरी करतोच. शिवाय तो स्वतःच्या वार्धक्याचेही नुकसान करून घेण्याचा संभव असतो.

कारण तेथील निवृत्तिवेतन विम्याच्या वर्षांवर मोजले जाते. पूर्ण वेतनास साधारणतः 35 वर्षे लागतात. 10 वर्षांहून कमी भरल्यास बहुधा काहीच मिळत नाही. 2025-26 च्या दरांनुसार स्वतंत्र व्यावसायिकाचा नफा 12,570 पौंडांवर गेला, की वरच्या रकमेवर 6 टक्के हप्ता पडतो. नफा 6,845 पौंडांपासून त्या मर्यादेपर्यंत असेल, तर काही न भरताही वर्ष जमेस धरले जाते. त्याहून कमी नफा असणाऱ्याचे वर्ष मात्र, अन्य काही आधार नसल्यास, कोरे जाते. घरून कितीही पैसा आलेला असो; भेट उत्पन्न नव्हे म्हणून तिच्यावर हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून तिच्यातून हक्कही निर्माण होत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे आठवड्यास 3.50 पौंडांचा ऐच्छिक हप्ता. वर्षाचे हे 182 पौंड भेटीच्या पैशांतून भरले तरी चालतात. मुलाच्या घरभाड्याची चिंता वाहणाऱ्या पालकांना ही बाब ठाऊक असते काय, याची आम्हांस शंका आहे.

हाच स्वस्त हप्ता, पूर्वी ब्रिटनमध्ये काम केलेल्या व आता अन्यत्र नोकरी वा व्यवसाय करणाऱ्यांनाही काही अटींवर भरता येत असे. ते द्वार 6 एप्रिल 2026 पासून बंद करण्याचे अंदाजपत्रकाने ठरविले. त्याऐवजी महाग वर्गाचा हप्ता, म्हणजे 2025-26 च्या दराने आठवड्यास 17.75 व वर्षास 923 पौंड. शिवाय नव्याने अर्ज करणाऱ्यास पूर्वी 3 वर्षांचे वास्तव्य वा हप्ते पुरत. आता 10 वर्षे हवीत. तीनचार वर्षे राबून परतलेल्या अभियंत्यास वा परिचारिकेस याचा अर्थ उघड आहे: भरलेली वर्षे बहुधा वाया जाणार.

ब्रिटिश सरकारची बाजू अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. अल्पकाळ राहून गेलेल्याने नाममात्र हप्त्यांवर आजन्म वेतन मिळवावे, हे तेथील करदात्यास खुपणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या पगारातून सक्तीने हप्ते कापून घेतले, त्यांना परताव्याची वा पूर्ततेची वाजवी सोय न देता वाटेतच नियम बदलणे न्याय्य नव्हे. त्यातच दुसरा अन्याय जुनाच आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या निवृत्ताचे वेतन प्रथम जेवढे ठरेल तेवढेच कायम राहते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यास मिळणारी वार्षिक वाढ त्यास मिळत नाही. महाग हप्त्याच्या एका वर्षाने 2025-26 च्या दराने वर्षाला सुमारे 342 पौंड वाढत, म्हणजे तो सौदा अजूनही तोट्याचा नाही. पण वीस वर्षांनंतर त्या 342 पौंडांत काय येईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

24 जुलै 2025 रोजी उभय देशांत व्यापारकरार झाला. विम्याचा दुहेरी भार टाळण्याची त्यासोबतची बोलणी मुख्यतः कंपन्यांनी तात्पुरत्या पाठविलेल्या नोकरदारांकरिता होती. स्वतःच्या हिमतीवर तेथे गेलेला, स्वतःच हप्ते भरलेला व वार्धक्यात मायदेशी परतलेला मनुष्य त्या बोलण्यांत कोठेच नव्हता. गोठविलेल्या निवृत्तिवेतनाचा व वाया जाणाऱ्या वर्षांचा प्रश्न दिल्लीने आता स्वतंत्रपणे लंडनपुढे मांडला पाहिजे.