म्हातारा बैल कोणाच्या दावणीला?

शेतकऱ्याच्या घरांत बैल हा देवही असतो आणि भांडवलही असतें. बेंदूर-पोळ्याला आम्ही त्याच्या शिंगांस हिंगूळ लावतों, पुरणपोळीचा घास भरवतों, आणि तोच बैल पाय ओढूं लागला म्हणजे त्याला बाजारांत नेऊन विकतों. यांत ढोंग कांहीं नाहीं. म्हाताऱ्या बैलाचे जे येतील त्यांत पदरचे घालून खोंड आणावयाचा आणि त्याला औताला धरावयाचा, असा हा फेरा आमच्या आजा-पणजापासून चालत आला आहे. सांगोल्याचा बाजार घ्या, अकलूजचा घ्या, उदगीरकडील हाळी-हंडरगुळीचा घ्या, कीं नांदेड जिल्ह्यांतील माळेगावची खंडोबाची जत्रा घ्या. हे सगळे याच फेऱ्यावर उभे राहिले. एका दारानें तरणें जनावर आंत येतें, दुसऱ्या दारानें थकलेलें बाहेर जातें. सरकारनें दुसरें दार बंद केलें, आणि आतां पहिल्या दाराशीं गिऱ्हाईक कां नाहीं म्हणून तेंच आम्हांस विचारीत आहे!

ही गोष्ट कशी झाली तें ज्या बंधूंस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. महाराष्ट्रांत 1976 च्या कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी झाली. तिच्याविषयीं येथें आमची तक्रार नाहीं. त्या कायद्यांत बैल निकामी झाल्याचा दाखला मिळाला तर त्याला विकण्याची वाट मोकळी ठेवली होती. 1995 सालीं ती वाट बुजविणारी दुरुस्ती विधिमंडळांत झाली, राष्ट्रपतींच्या मंजुरीवांचून वीस वर्षें पडून राहिली, आणि 2015 च्या मार्चांत एकाएकीं अंमलांत आली. बैल कापल्यास 5 वर्षांपर्यंत कैद. कापण्यासाठीं विकणें आणि वाहून नेणें हाही गुन्हा. ज्या रात्रीं हा कायदा लागू झाला त्या रात्रीं आमच्या गोठ्यांतील प्रत्येक थकलेल्या बैलाची किंमत कोसळली. भरपाई कोणास मिळाली? जमीन घेतली तर सरकार मोबदला देतें. बैल आमच्याच खुंट्याला ठेवून त्याचा मोल तेवढा घेतला, म्हणून मोबदल्याचें नांव नाहीं.

हा प्रश्न कोर्टांत गेला नव्हता असें नाहीं. 1958 सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं गाईचें रक्षण योग्य; पण कामांतून गेलेल्या बैलांना सरसकट बंदी घालणें वाजवी नाहीं, कारण निकामी जनावर कामाच्या जनावराचा चारा खातें. हें कोणीही गुराखी सांगेल. पुढें 2005 सालीं गुजरातच्या खटल्यांत त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें ही समजूत फिरविली. बैल म्हातारा झाला तरी शेण आणि मूत देतो, म्हणून तो निकामी नव्हे, असें ठरलें. शेणाला मोल आहे हें आम्हांस कोणी शिकवावयास नको; आमच्या घरच्या बायकांचे हात शेण्या थापून झिजले. पण शेण पडावयाला आधीं वैरण घालावी लागते, आणि दुष्काळांत कडब्याची पेंढी काय भावानें येते हें निकालपत्रांत लिहून येत नाहीं.

2017 च्या मे महिन्यांत दिल्लीहून गुरांच्या बाजाराचे नवे नियम आले, त्यांचा मासला पाहा. विकणाऱ्यानें लेखी द्यावें कीं जनावर कापावयास देत नाहीं. घेणाऱ्यानें आपण शेतकरी असल्याचा पुरावा आणावा. विक्रीच्या कागदाच्या 5 प्रती कराव्या. घेतलेलें जनावर सहा महिने विकूं नये. राज्याच्या शिवेपासून 25 किलोमीटरांच्या आंत बाजार भरवूं नये. मग मिरज-जतकडच्या शेतकऱ्यानें काय करावें? आणि बाजारांत जनावराचीं शिंगें रंगवूं नयेत, त्याला शृंगारूं नये! ज्यांनीं हें लिहिलें त्यांनीं खिल्लाराची जोडी कधीं जत्रेंत पाहिली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई पीठानें आठवड्याभरांत त्यास स्थगिती दिली, आणि जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें ती साऱ्या देशास लागू केली. नियम थांबले, पण नियम करणाऱ्यांची दृष्टि कळून आली ती आली.

आतां हिशेबाची गोष्ट. 30 सप्टेंबर 2024 रोजीं राज्य सरकारनें देशी गाईस राज्यमातेचा मान दिला आणि गोशाळांतील देशी गाईंस दर दिवशीं दर गाईमागें 50 रुपये देण्याचें ठरविलें. म्हणजे जनावर फुकट पोसलें जात नाहीं हें सरकारला कबूल आहे. 50 रुपयांप्रमाणें वर्षाचे 18,250 होतात. थकलेल्या बैलजोडीचे 36,500. गोशाळेंत उभ्या राहिलेल्या गाईला हे पैसे मिळतात. आमच्या गोठ्यांत उभ्या राहिलेल्या बैलाला कां नाहींत? कायदा दोघांनाही मरेपर्यंत पोसा म्हणतो. एकाचा खर्च तिजोरी देते, दुसऱ्याचा खर्च ज्याच्या पोराची फी थकली आहे तो देतो. पुण्य सरकारच्या खातीं आणि वैरण आमच्या खातीं, ही कोठली वांटणी?

गांवचे कित्येक लोक म्हणतात, हेडी आणि खाटीक अडचणींत आले तर आपलें काय गेलें? हेड्याला आम्ही साधु म्हणत नाहीं. रुमालाखालीं बोटें धरून त्यानें आम्हांस पुष्कळ वेळां बुडविलें आहे, आणि जुळलेल्या बैलाला सहादाती म्हणून आमच्या गळ्यांत बांधलें आहे. पण हें ध्यानांत घ्या कीं बाजारांत चार हेडी आले तरच भाव बोलला जातो. एकटा आला तर तो म्हणेल तो भाव. आज त्याची गाडी रस्त्यांत अडविली जाते. पावती आहे, पशुवैद्याचा दाखला आहे, तरी गळ्यांत उपरणीं घातलेलीं टोळकीं गाडीपुढें उभीं राहतात. कायदा पाहण्याचें काम त्यांना कोणी दिलें? गाडी चौकींत गेली कीं जनावरें गोशाळेंत जातात, आणि 2017 च्याच दुसऱ्या एका नियमाप्रमाणें खटला चालेतोंवर त्यांच्या चाऱ्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर बसतो. गुन्हा शाबीत होण्याच्या आधींच दंड! 2021 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही सरकारला या नियमाबद्दल जाब विचारला होता. ही सगळी जोखीम हेडी आपल्या खिशांतून भरीत नाहीं. तो ती आमच्या बैलाच्या किंमतींतून कापतो.

2025 सालीं याचा पुरता अनुभव आला. बकरी ईदेच्या आधीं गोसेवा आयोगानें बाजार समित्यांना पत्र लिहिलें कीं त्या आठवड्यांत गुरांचे बाजार भरवूं नयेत. म्हणजे शेळ्या-बोकडांचाही बाजार बुडाला असता. ओरड झाली तेव्हां पत्र मागें घेतलें. पुढें जुलै-ऑगस्टांत कुरेशी व्यापाऱ्यांनीं छळाला कंटाळून जनावरें घेणेंच बंद केलें. कायद्यानें ज्या म्हशीला हात लावलेला नाहीं ती भाकड म्हैसही दावणीला तशीच राहिली. ज्यांना वाटत होतें कीं हें भांडण हिंदु-मुसलमानांचें आहे, त्यांनीं त्या आठवड्यांत बाजारांतून जनावर परत घेऊन जाणाऱ्यांचीं आडनांवें विचारावयास हवीं होतीं.

चर्मकार आणि ढोर बंधूंचें दुःख आणखी वेगळें. कोल्हापुरी चपलेला 2019 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, 2025 सालीं इटलीच्या एका बड्या कंपनीनें तसला जोडा काढला म्हणून मुंबईंत मोठा अभिमान उसळला. पण कातडें घेऊन जाणाऱ्या कारागिराला रस्त्यांत घाम फुटतो, त्याबद्दल त्या अभिमानी लोकांपैकीं कोण बोललें?

कोणी जोतीरावांचें नांव आमच्यावर फेकील. त्यांनीं 'असूडां'त गोऱ्या शिपायांसाठीं येथील गाई-बैल मारूं नयेत असें लिहिलें, हें खरें. कां लिहिलें? कुणब्याच्या औताला बैल उरेना म्हणून. त्यांची नजर कुणब्याच्या पोटावर होती. 2012 च्या पशुगणनेंत या राज्यांत गाई-बैल सुमारें 1 कोटी 55 लाख होते, 2019 च्या गणनेंत सुमारें 1 कोटी 40 लाख राहिले. ट्रॅक्टरनें बैल घालविला हें आम्ही नाकारीत नाहीं. पण म्हातारपणीं विकतां न येणारें जनावर तरणेपणीं घेण्यास कोण धजेल?

म्हणून शेतकरी बंधूंनो, येत्या ग्रामसभेंत ठराव मांडा. निकामी बैलाचा 1976 चा दाखला पुन्हां सुरू करा. तें करावयाचें नसेल तर आमचे थकलेले बैल बाजारभावानें सरकारनें विकत घ्यावे, नाहीं तर दिवसाचे 50 रुपये आमच्या गोठ्याला द्यावे. गाडी तपासावयाची ती पोलिसांनीं. दुसऱ्या कोणी अडविली तर गुन्हा त्याच्यावर नोंदवावा. ठरावावर बायकांच्याही सह्या-अंगठे घ्या, कारण गोठ्यांतील वैरण त्याच घालतात. एक नक्कल तहसीलदारास, एक बाजार समितीस आणि एक आमदारास द्या, आणि पोंच हातांत पडल्यावांचून कचेरीची पायरी उतरूं नका.