अण्णांनी ओळखलेला चेहरा

गेल्या शनिवारी आमच्या एडिसनच्या घरी मुलाचे कॉलेजातले मित्र जमले होते. टीव्हीवर 1966 सालचा हेरपट, ‘एजंट फॉर हार्म’. तोही नुसता नव्हे, तर ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ या कार्यक्रमातला. 1988 मध्ये मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झालेल्या या कार्यक्रमात एक माणूस आणि दोन रोबो पडद्यासमोर सावलीसारखे बसतात आणि पडेल सिनेमावर शेरे मारत राहतात. पोरांना ते शेरे पाठ आहेत. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली होती.

सांगलीहून आलेले माझे सासरे, अण्णा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मध्येच ते पुढे सरकले. “अरे, हा ‘रिअर विंडो’तला पोलीस ना? जरा मागं घे रे.”

तोच होता. वेंडेल कोरी. हिचकॉकच्या 1954 च्या त्या सिनेमात जेम्स स्टुअर्टच्या संशयावर विश्वास न ठेवणारा डिटेक्टिव्ह. पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तो अध्यक्षही झाला. ‘एजंट फॉर हार्म’मध्ये तो नायकाचा साहेब आहे. बोलणं जड, डोळे थकलेले. पोरं सगळ्यात जास्त हसत होती ती त्यालाच. हा सिनेमा आला त्यानंतर दोनच वर्षांनी, 1968 मध्ये, कोरी यकृताच्या आजाराने गेला. वय 54. मी हे सांगितलं तेव्हा एकाने रिमोट उचलून आवाज कमी केला.

या सिनेमावर प्रेक्षकांचा नेहमीचा आक्षेप असतो, की हा टीव्हीसारखा दिसतो. दिसणारच. तो टीव्ही मालिकेचा पहिला भाग म्हणूनच बनवला होता. मालिका काही झाली नाही आणि युनिव्हर्सलने तो थिएटरात लावला. बाँडची लाट होती, ‘द मॅन फ्रॉम अंकल’ घराघरांत पोचली होती, हेर म्हटलं की तिकीट खपत होतं. पलीकडच्या गोटातून पळून आलेला शास्त्रज्ञ, माणसाच्या मांसाची बुरशी करणारे जंतू, आणि ते अमेरिकेच्या पिकांवर फवारायचा शत्रूचा डाव, एवढी मोठी गोष्ट. घडते मात्र बरीचशी समुद्रकाठच्या एका घरात.

पैसा नसणं हा दोष नाही, असं मी मनापासून मानते. पहिला बाँडपट ‘डॉ. नो’ सुद्धा 1962 मध्ये सुमारे 10 लाख डॉलरांत उरकला होता. खलनायकाच्या समुद्राखालच्या दिवाणखान्यात काचेपलीकडे मासे दाखवायचे होते. मिळालेल्या तयार फिल्ममध्ये छोटे मासे जवळून टिपलेले, त्यामुळे पडद्यावर ते अवाढव्य दिसायला लागले. मग काय केलं? ही काच भिंगाची आहे, असा संवादच घातला. एका वाक्याने नड भागली, आणि खलनायकाचा तोराही वाढला.

‘एजंट फॉर हार्म’ कमी पडतो तो इथे. मधला अर्धा तास माणसं नुसती बोलतात, आणि त्या बोलण्यात धार नाही. सेट महाग असतो. चांगलं वाक्य लिहायला कागद-पेन्सिल पुरते. त्या लेखनाला हसा, मी तुमच्याबरोबर हसेन. पण पीटर मार्क रिचमन हा नायक एकाही दृश्यात हात राखून काम करत नाही. फार्मसी शिकून औषधांच्या दुकानात काम केलेला हा माणूस नट झाला होता, आणि समोर कितीही पोकळ संवाद असो, तो डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. बंदुकीतून जंतू सुटतात तेव्हा त्याची भीती खरी वाटते.

अण्णांना हे पटलं. ते ‘फर्ज’ या हिंदी हेरपटाबद्दल बोलायला लागले. 1967 चा, एजंट 116 चा. तेलुगू ‘गूढचारी 116’ वरून घेतलेला. दिग्दर्शक रविकांत नगाईच मूळचे कॅमेरामन, ट्रिक सीनमध्ये मुरलेले. शांतारामबापूंनी ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये पुढे आणलेल्या गिरगावच्या जितेंद्रला खरी गर्दी मिळाली ती या सिनेमाने. “जितेंद्रसारखे पांढरे बूट,” अण्णा म्हणाले, “आमच्या आळीतल्या चार पोरांनी घेतले होते. बाटलीबंद पॉलिश परवडायचं नाही, म्हणून खडू ओला करून लावायची.” बोलताना त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर गोल फिरत होता, बुटाला खडू चोळावा तसा.

“आजोबा, तो सिनेमा मिळेल का?” मुलाने विचारलं.

पुढच्या शनिवारी ‘फर्ज’ लावायचं ठरलंय. शेरे बंद, सबटायटल चालू. अण्णा परवापासून गाणी कुठे कुठे येतात ते सांगताहेत.