मातीचं पहिलं भांडं

उन्हाळ्यातला माठ आणि लोणच्याची बरणी. दोन्ही मातीचीच, पण माठ पाझरतो आणि बरणी पाझरत नाही. असं का? माठ कमी तापमानाला भाजलेला असतो, म्हणून सच्छिद्र राहतो. बरणी जास्त तापमानाला भाजून घट्ट झालेली असते आणि तिच्यावर काचेसारखा चकचकीत थर असतो. हाच थर म्हणजे ग्लेझ. असं भांडं स्वतः घडवायची हौस असेल, तर सुरुवातीला चाक नसलं तरी चालतं.

माती कोणती?
शाडूची मूर्ती भाजत नाहीत, म्हणूनच ती पाण्यात विरघळते. भांड्यांसाठी टेराकोटा किंवा स्टोनवेअरची तयार माती घ्या. टेराकोटा साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला, तर स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांना भाजतात. ग्लेझ मातीच्या तापमानाला जुळणारंच घ्या. टेराकोटा स्टोनवेअरच्या आचेत गेली, तर भांडं बसतं आणि भट्टीची फळीही खराब होते.

माती कणकेसारखी मळा. गोळा तारेने मधोमध कापून पाहा. आत हवेची भोकं दिसली, तर पुन्हा मळा.

तीन सोप्या पद्धती
चिमटीची वाटी : संत्र्याएवढ्या गोळ्यात अंगठा रुतवा, तळ थोडा जाड ठेवा आणि गोळा फिरवत चिमटीने कडा पातळ करा.

वळ्यांचं भांडं : कडबोळ्यांसाठी वळतो तशा जाडसर वळ्या करून एकावर एक रचा. प्रत्येक थर आतून बोटाने सारवून एकजीव करा.

लाटलेली पोळी : दोन सारख्या जाडीच्या पट्ट्यांमध्ये माती लाटा, म्हणजे जाडी सगळीकडे एक येईल. लाटणं मात्र स्वयंपाकाचं नको.

जोड देताना दोन्ही कडांवर काट्याने चरे पाडा आणि मातीचाच दाटसर घोळ लावून दाबा. नाहीतर कपाचा कान वाळताना सुटतो. भिंती ६ ते ८ मिलिमीटर जाड पुरेत.

वाळवायची घाई नको
भांडं उन्हात ठेवू नका. सावलीत, प्लास्टिकने सैलसर झाकून आठवडाभर वाळू द्या. गालाला लावून पाहा. गार लागलं, तर आत ओल आहे. भट्टीत या ओलीची वाफ होते आणि भांडं फुटतं. शेजारी दुसऱ्या कुणाचं भांडं असेल, तर त्याचंही नुकसान होतं.

दोनदा भाजणं
घरचा ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो, तो इथे कामाचा नाही. अनेक पॉटरी स्टुडिओ पैसे घेऊन भांडी भाजून देतात. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंशांना होते. मग भांडं ओल्या स्पंजने पुसा, ग्लेझमध्ये तीन आकडे मोजेपर्यंत बुडवा आणि बूड स्वच्छ पुसून घ्या. ग्लेझ राहिलं, तर भांडं फळीला चिकटतं. यानंतर दुसरी भाजणी.

खाण्यासाठी वापरणार असाल, तर
ग्लेझमध्ये सिलिका, अॅल्युमिना आणि वितळायला मदत करणारी द्रव्यं असतात. पूर्वी त्यासाठी शिसं सर्रास वापरत. शिशाचं ग्लेझ असलेल्या भांड्यात लिंबू, चिंच, दही किंवा लोणचं ठेवलं, तर शिसं अन्नात उतरतं. लहान मुलं आणि गर्भवती स्त्रिया यांना ते विशेष घातक असतं. लाल, केशरी, पिवळ्या ग्लेझमध्ये कॅडमियमही असू शकतं. म्हणून खाण्याच्या भांड्यांसाठीच बनवलेलं, शिसं आणि कॅडमियम नसलेलं ग्लेझ मागा आणि सांगितलेल्या तापमानालाच भाजून घ्या. खात्री नसेल, तर त्या भांड्यात फुलं ठेवा.

वाळलेल्या मातीची आणि ग्लेझची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात बादलीत धुवा; माती मोरीत गेली, तर नळी तुंबते.

पहिली वाटी वाकडी झाली, तरी टाकू नका. न भाजलेली माती पूर्ण वाळवून पाण्यात भिजवली, की पुन्हा मळायला तयार होते.