धाक राहतो, धडा जातो



दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की जालन्याच्या मस्तगड भागातल्या घराघरांतून एकच तक्रार आमच्या कानी येते. "पोरगं रात्री धडाधडा पाठ म्हणून दाखवतं, अन् पेपर हातात पडला की सगळं विसरतं." घरचे म्हणतात, पोराचं लक्ष नाही. मास्तर म्हणतात, पोरगं ढ आहे. आणि पोरगं मनातल्या मनात म्हणतं, आपल्या डोक्यातच काही नाही. बहुतेक वेळा हे तिघेही चुकलेले असतात. कसे, ते आज पाहू.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप देतात. त्यांच्या जोडण्या घट्ट झाल्या की आठवण पक्की होते. पण मेंदूत जवळजवळ तेवढ्याच दुसऱ्या पेशीही आहेत, आधार देणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन डॉक्टरने त्यांना 'गोंद' ठरवले. मज्जापेशींना जागेवर धरून ठेवायचे, एवढेच त्यांचे काम, असा समज शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत विज्ञानातही होती म्हणायची!

त्यांतल्या चांदणीसारख्या दिसणाऱ्या पेशींना ताराकार पेशी म्हणतात. या पेशी रक्तातून साखर घेतात, तिचा साठा करतात आणि गरज पडली की त्यातून लॅक्टेट नावाचे द्रव्य तयार करून मज्जापेशींना पुरवतात. २०११ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत हा पुरवठा अडवून पाहिला. शिकलेली गोष्ट त्यांना तासाभराने आठवली, पण पुढे टिकली नाही. बाहेरून लॅक्टेट दिले तेव्हा टिकली. २०२४ साली अमेरिकेतल्याच ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. उंदीर काही शिकतो तेव्हा ठराविक ताराकार पेशीही कामाला लागतात, आणि नंतर त्याच पेशी जाग्या केल्या की जुनी आठवण परत येते.

म्हणजे रात्री पाठ म्हणून दाखवले की काम संपले, असे नाही. आठवण मुरायला वेळ लागतो, शिधा लागतो आणि झोप लागते.

आता भीतीचे पाहू. माणूस घाबरला की दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यामुळे घडलेला प्रसंग मनावर खोल कोरला जातो. बाबासाहेबांनी १९०१ सालच्या आपल्या प्रवासाची हकिकत लिहून ठेवली आहे. मसूर स्टेशन, बैलगाडी आणि रात्रभर न मिळालेले पाणी. ती त्यांनी लिहिली तीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर, आणि तरी बारीकसारीक तपशीलासह. अपमान असा लक्षात राहतो.

मग भीतीने धडाही लक्षात राहायला हवा, नाही का? तसे होत नाही. २००० साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ३६ निरोगी माणसांना काही शब्द पाठ करायला दिले. दुसऱ्या दिवशी विचारण्याच्या तासभर आधी ताणाच्या द्रव्यासारखीच एक गोळी दिली. आदल्या दिवशी येत असलेले शब्द त्यांना कमी आठवले. तीच गोळी पाठ करण्याआधी किंवा पाठ केल्यावर लगेच दिली, तर असा परिणाम झाला नाही. शब्द डोक्यात होते, ते बाहेर येत नव्हते. परीक्षेच्या बाकावर आपल्या लेकराचे असेच होत असते.

भीती रोजचीच झाली तर? बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. मेंदूच्या ज्या भागात नवी आठवण घडते तिथल्या मज्जापेशींच्या फांद्या आखडल्या. ज्या भागात भीती राहते तिथल्या फांद्या मात्र पसरल्या. पुढे एकवीस दिवस विश्रांती दिली. आठवणीच्या भागातल्या फांद्या सावरल्या, भीतीच्या भागातल्या पसरलेल्याच राहिल्या. उंदरावरून माणसाचे सगळेच ठरत नाही. तरी रोज छडी आणि टोमणे खाणाऱ्या मुलाच्या मनात काय उरते, हे आपण आपल्या वस्तीत पाहतोच. त्याचा धडा जातो आणि धाक राहतो.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लेकरांना ऐकवले गेले की अभ्यास तुमच्या रक्तात नाही. मायबहिणींनो, मेंदूतल्या पेशींना जात नसते. त्यांना अन्न, झोप आणि निर्धास्तपणा लागतो. तो आपण देऊ शकतो.

एका खोलीचे घर, बाप स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळीला, शेजारी टीव्ही चालू. हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही एवढे करता येईल. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करू देऊ नका. एकाच रात्री दहा वेळा घोकण्यापेक्षा दिवसाआड पुस्तक मिटून एकदा म्हणून दाखवू द्या. तुम्हाला वाचता येत नसेल तरी ऐकायला बसा. सकाळी पोटात भाकरी जाऊ द्या. पेपरच्या दिवशी दारात उभे राहून "नापास झालास तर बघ" असे म्हणू नका. पेपर हातात आल्यावर चार श्वास सावकाश घ्यायचे आणि येणारा प्रश्न आधी सोडवायचा, एवढे समजावून सांगा.

लेकरू रात्र-रात्र झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला नाटक म्हणू नका. त्याला एकटे न सोडता सरकारी दवाखान्यात न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ सालापासून चालू आहे. त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत. हा नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.