बिगट म्हणजे शेजारचा

परवा नातीनं विचारलं, "आजोबा, बिगट म्हणजे काय हो?" मला वाटलं, शाळेत ए-गट, बी-गट पाडले असतील. पण तिनं पुस्तक पुढं केलं. शब्द इंग्रजी निघाला. अर्थ : आपलंच खरं मानून वेगळ्या माणसाला तुच्छ लेखणारा.

"म्हणजे हेकट!" मी म्हणालो. पण ते काही खरं नव्हे. हेकट स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतो, बिगट दुसऱ्याचं आपटतो.

शब्दाची कुळकथा मजेदार आहे. म्हणे, इ. स. 911 साली रोलो नावाच्या नॉर्मन सरदाराला फ्रान्सच्या राजाचं पाऊल चुंबायला सांगितलं. तो गरजला, "बाय गॉड, जमणार नाही!" त्यावरून 'बिगट'. पंडित ही कथा मानत नाहीत. मात्र बाराव्या शतकात फ्रेंच लोक नॉर्मनांना याच शब्दानं हिणवत, हे खरं. म्हणजे शब्द जन्मला तोच शेजाऱ्याला चिकटवायला! "मी बिगट आहे," असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय.

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सचं आम्हांला काय? मग लोअर परळला या. इथल्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार बरा, पण तिथं अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण? कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. त्याच धोट्याला उद्या दुसऱ्याचं तोंड लागणार, मग उष्टं नाही का होणार? मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारे धोट्यापाशी आले की सोवळं नेसत. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढं रेटला, तेव्हा कुठं तो मागण्यांत आला. आंबेडकर तेव्हा परळच्याच चाळीत राहत होते.

बिगटाची खूण हीच. तो कधी "मला तू नकोस" म्हणत नाही, कारण सांगतो. तेव्हा धागा होता, आता वास आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि घर बघायला आलेल्याला आधी विचारतात, "नॉनव्हेज खाता का?" पुढचा प्रश्न आडनावाचा. वास नाकाला येतो की आडनावाला, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मी? आमच्या सोसायटीच्या सभेत एका भाडेकरूला याच कारणानं नकार दिला, तेव्हा मी कागदावर मुकाट्यानं सही केली. "बहुमत आहे, वाकडेपणा कशाला?" घरी येऊन तळलेले बोंबील खाल्ले. खिडकी लावून.

नात वहीत अर्थ लिहायला थांबली होती. उदाहरण द्यायचं होतं. मी म्हटलं, "आजोबा लिही. पण पेन्सिलीनं. पुढच्या सभेत हात वर केला तर खोडता येईल."