दगडाचे मोल, श्वासाचे मोल

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना इन्सुलीचा घाट लागतो. या परिसरातील काळ्या दगडाच्या खाणी आणि खडीचे क्रशर आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. याच दगडावर रस्ते होतात, घरांची जोती उभी राहतात, मंदिरांचे जीर्णोद्धार होतात. विकासाला दगड लागणारच. परंतु तो फोडणाऱ्याच्या छातीत काय साठते, याची वास्तपुस्त कोणी करायची?

सुरुंगासाठी कोरडे भोक पाडताना आणि दगड भरडताना अतिसूक्ष्म धूळ उडते. तिच्यात मुक्त सिलिका असेल, तर फुप्फुसे हळूहळू निबर होतात. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढू शकतो. खोकला आणि धाप पाहून पुष्कळदा क्षयाचे औषध दिले जाते. शिवाय अशा रुग्णाला खरा क्षय जडण्याचा धोकाही अधिक. तोंडाला बांधलेले फडके ही धूळ अडवू शकत नाही. काळ्या बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका अत्यल्प, तर ग्रॅनाइट आणि गारगोटीत विपुल असते. म्हणूनच प्रत्येक खाणीतील दगडाची व धुळीची तपासणी अगत्याची आहे.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९३४ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाली. मोठी खाण असल्याने तेथे डॉक्टर होते, हजेरीपट होते. म्हणून रोग दिसला. लहान खाणीत असतो तो मुकादम. धाप लागलेला मजूर आपल्या गावी परततो, तेथेच देह ठेवतो आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर खाणीचा उल्लेखही येत नाही. नोंद नाही म्हणून रोगी नाही, आणि रोगी नाही म्हणून भरपाई नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

राजस्थानने २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आखून प्रमाणित रुग्णास तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबास दोन लाख रुपये देण्याची तरतूद केली. असा भरवसा आपल्या खाणकामगारालाही मिळाला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ती मुकादमाच्या मजुरापर्यंत पोहोचते का, हे पाहणे समाजाचेही काम आहे.

पिढ्यानपिढ्या दगड फोडणारा वडार समाज आपल्याच समाजपुरुषाचे अंग आहे. यमगरवाडीच्या प्रकल्पाने भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा उभी केली. त्याच आत्मीयतेने त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या आरोग्याकडेही पाहावयास हवे. भोक पाडताना पाणी वापरणे, क्रशरवर फवारे बसवणे, योग्य मुखपट्टी देणे आणि दरवर्षी छातीचा एक्स-रे काढणे यांसाठी फार मोठा खर्च येत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या गावाजवळच्या खाणीवर जाऊन निदान मजुरांची नावे आणि त्यांच्या कामाची वर्षे तरी लिहून घ्यावीत. भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी पूजेबरोबरच खाणीवर एक आरोग्य शिबिर झाले, तर विश्वकर्म्याची ती खरी आराधना ठरेल.