पहिली तीन वर्षे कोणी पोसायची?

नाशिकमध्ये 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात पदवी परीक्षेत प्रथम आल्या. परंतु इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. लेडी हॉबहाऊस आदी इंग्रज स्त्रियांनी वर्गणी जमवली, तेव्हा 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या विदुषीच्या हाती पदवी मात्र 1922 मध्ये पडली. स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा झाला 1923 मध्ये. दरम्यान 1904 पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या वतीने त्यांनी पडदानशीन विधवांच्या मालमत्तेसाठी अपार कष्ट घेतले. ब्रिटिश राजवटीविषयीची त्यांची मते आपणांस मान्य होणारी नाहीत. तथापि नाशिकच्या कन्येला उभे करण्यासाठी पैसा साता समुद्रापलीकडून यावा, ही बोच उरतेच.

आज सनद मिळवणे सोपे झाले आहे. अधिवक्ता कायद्यातील 750 रुपयांहून अधिक (अनुसूचित जाती-जमातींसाठी 125) नोंदणीशुल्क घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी दिला. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून राहायचे, तारखा सांभाळायच्या, अर्जांचे मसुदे करायचे आणि महिनाअखेरीस अनेकदा प्रवासखर्चापुरतेच हाती पडायचे. शहरात दरमहा किमान 20,000 व ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. मुलगा दोन-तीन वर्षे घरच्यांच्या जिवावर तग धरतो. मुलीला मात्र ‘एखादी नोकरी बघ’ असे सांगितले जाते, नाहीतर स्थळे पाहिली जातात.

यात नुकसान तिचे एकटीचे नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीचेच पाहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, असे 2013 चा कायदा सांगतो; त्याहून लहान शेडमधील कामगार स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची. समितीपुढे वकील उभा राहू शकत नाही. म्हणूनच आधीचा सल्ला आणि तक्रारीचा नेमका मसुदा मोलाचा ठरतो. या गोष्टी ती स्त्री कोणा अनोळखी पुरुष वकिलापुढे मोकळेपणाने बोलेल काय?

‘महिला वकील आल्या की संसार मोडतात’ हा आक्षेप आपल्याच बैठकांतून ऐकू येतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे (2005) कलम 17 वाचावे. ते स्त्रीला घराबाहेर काढत नाही, राहत्या घरात राहण्याचा हक्क देते. घर मोडतो तो मारणारा हात.

मोफत विधी साहाय्य प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न न पाहता, 1987 च्या कायद्याने मिळते. पण त्या यादीतील नवी वकीलही पोटावर हात ठेवून किती दिवस काम करील?

परदेशी पैशावर चालणाऱ्या फेलोशिपांवर आपण टीका करतो, आणि पैसा देणारा विषयही ठरवतो ही शंका अगदीच निराधार नाही. मग स्वतःची अभ्यासवृत्ती का नको? 20,000 रुपये म्हणजे शंभर कुटुंबांचे दरमहा दोनशे रुपये. तीन वर्षांचे होतात 7,20,000. नवरात्रात मातृशक्तीच्या गौरवासाठी मंडप उभारणाऱ्या समाजाला हे जड नसावे.

मात्र एक अट देणगीदारांनीही मान्य करावी. देणाऱ्यांत अंबडचे उद्योजक असतील, कार्यकर्ते असतील. उद्या त्यांच्याच कारखान्यातली किंवा त्यांच्याच सुनेची तक्रार आली, तरी ती घेण्यास ही वकील मोकळी असली पाहिजे. दूरध्वनी करून प्रकरण ‘आपसांत मिटवा’ म्हणणाऱ्याची वर्गणी परत करावी. निवड करताना इंग्रजीची सफाई पाहू नये. खालच्या न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते, आणि रात्रपाळीहून आलेल्या बाईचे म्हणणे समजून घेऊन नीट मराठीत उतरवणारी मुलगी अंबडच्या कामगार वस्तीतलीही असू शकते.